पर्णरंध्रं मोजणारं मॉडेल दुसऱ्या बागेत का फसतं? या चुका टाळा

द्राक्षाच्या पानात डाऊनी या रोगाचा शिरकाव होतो तो पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, आणि ती असतात पानाच्या खालच्या बाजूला. त्यामुळे निफाड-दिंडोरीची पानं घेऊन, नेलपॉलिशचे ठसे काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो घेऊन मशीन लर्निंगने पर्णरंध्रं मोजणं हा नाशिकच्या कुठल्याही कॉलेजात मनापासून करण्याजोगा प्रकल्प आहे. अडचण येते ती दुसऱ्या बागेचं पान समोर आल्यावर.

सगळ्यात मोठी चूक डेटा वाटताना होते. एका स्लाइडच्या फोटोचे तुकडे पाडून ते ट्रेनिंग (मॉडेलला शिकवणं) आणि टेस्टमध्ये (त्याची परीक्षा) सरमिसळ टाकले जातात. शेजारच्या तुकड्यांत तोच प्रकाश, तोच ठसा, तेच हवेचे बुडबुडे. कधी तर एकच पर्णरंध्र अर्धं इकडे, अर्धं तिकडे! मग टेस्टचा स्कोअर म्हणजे पाठांतराचे गुण. वाटणी वेलींनुसार करा. जमलं तर एक अख्खी बाग टेस्टसाठी बाजूला ठेवा आणि शेवटपर्यंत तिला हात लावू नका. स्कोअर घसरेल, पण खरा तोच.

सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला मोबाइल लावून काढलेले फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका. आकार घटतो, छिद्राभोवतीच्या रक्षक पेशींच्या कडा पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एचडीआर बंद, झूम कायम. प्रत्येक वेळी स्टेज मायक्रोमीटरचा (बारीक मापपट्टी कोरलेल्या स्लाइडचा) एक फोटो घ्याच. त्यावर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. स्केल जुळली नाही तर मॉडेल बिचकतं. सेलपोज या पेशी ओळखणाऱ्या तयार मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्या पेशीचा व्यास ३० पिक्सेल धरून चालायच्या. तो आकडा आपल्या फोटोनुसार बदलावाच लागतो.

अ‍ॅक्युरसीवर भाळू नका. पर्णरंध्रांनी फोटोचा ५ टक्केच भाग व्यापला असेल, तर ‘इथे काहीच नाही’ म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के बरोबर ठरतं. डाइस किंवा आयओयू (मॉडेलने दाखवलेला भाग खऱ्या भागाशी किती जुळतो, याची मापं) बघा; शिवाय किती पर्णरंध्रं सुटली आणि किती खोटी मोजली, हे वेगवेगळं लिहा.

‘फोटोच कमी आहेत’ ही सबब मला पटत नाही. २०१५ साली यू-नेट हे फोटोतले भाग वेगळे ओळखणारं मॉडेल आलं, तेव्हा त्याच्या एका गाजलेल्या चाचणीत ट्रेनिंगला ३० फोटोच होते. तेच वाकवून-ताणून वापरले होते. मात्र त्या फोटोंवरच्या खुणा चोख होत्या. आपल्याकडे घाई होते ती नेमकी इथे. मिटलेलं पर्णरंध्र मोजायचं का, फोटोच्या कडेला कापलेलं धरायचं का, हे आधी लिहून काढा. मग तेच थोडे फोटो दोघांनी स्वतंत्रपणे मार्क करा. दोघांचे आकडे जुळेनात, तर मॉडेलला दोष देण्याआधी नियम दुरुस्त करा.