लोकरीच्या फेल्टचे चष्म्याचे घर

गेल्या काही महिन्यांत मी लोकरीच्या फेल्टची, म्हणजे न विणता तंतू एकमेकांत अडकवून केलेल्या जाड कापडाची, चार चष्म्याची घरे तयार केली आणि प्रत्येकाला आतून खणाचे अस्तर लावले. पहिल्याच्या वेळी फेल्ट पुरते घट्ट होण्याआधी मी ते कापले. शिवून झाल्यावर धुतले तेव्हा लोकर आटली, अस्तर तेवढेच राहिले आणि सगळ्या कडेला चुण्या पडल्या. म्हणून येथे शिवणापेक्षा फेल्टविषयी अधिक लिहिले आहे.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी आणि साबण यांमुळे ते उकलतात, आणि वर घर्षण मिळाले की तंतू एकमेकांत सरकून असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. ‘सुपरवॉश’ लिहिलेली लोकर त्यामुळे घेऊ नये, कारण तिचे खवले प्रक्रियेने आधीच निकामी केलेले असतात. घोंगडीची दख्खनी लोकरही मी वापरून पाहिली. ती भरड असल्याने वेळ फार लागला, पण तिचा मूळचा काळा रंग मला कोणत्याही रंगवलेल्या लोकरीपेक्षा अधिक आवडतो. पहिल्या प्रयत्नासाठी मात्र पिंजलेली मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची बारीक तंतूंची लोकर, घ्यावी.

एका घराला ३० ग्रॅम लोकर पुरते. ओट्यावर फुग्यांचे प्लास्टिक पसरून त्यावर ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात लोकरीचे पातळ झुपके एकावर एक किंचित चढतील असे मांडावेत. असे चार थर द्यावेत आणि प्रत्येक थराची दिशा आधीच्या थराला आडवी ठेवावी. वर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा घालून साबण किसून विरघळवलेले ऊन पाणी शिंपडावे आणि तळहाताने आधी नुसते दाबावे, मग अगदी हलक्या हाताने गोलाकार चोळावे. या वेळी घाई केली तर थर सरकतात व मध्ये विरळ जागा राहते. दहा-पंधरा मिनिटांनी चिमटीने पृष्ठभाग उचलून पाहावा. सुटे तंतू वर आले तर आणखी चोळावे, सगळा थर एकत्र उचलला गेला तर जाळी काढून तो प्लास्टिकसकट लाटण्याभोवती गुंडाळावा आणि शंभर वेळा पुढे-मागे फिरवावा. मग उलगडून, काटकोनात वळवून पुन्हा तेच करावे, कारण ज्या दिशेने गुंडाळतो त्याच दिशेने फेल्ट अधिक आटते. चौकोन सुमारे २० सेंटिमीटरचा झाला आणि ओढूनही ताणला जाईना, की ते तयार झाले. साबण पुरता धुऊन शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे.

मुंबईच्या पावसाळ्यात खरी परीक्षा वाळवण्याची असते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला कोरडी लागते, त्यामुळे स्पर्शावर विसंबू नये. पंख्याखाली सपाट पसरून ठेवावे आणि रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे. लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला, तरच कात्री हातात घ्यावी.

कोयरी किंवा पान काढायचे असल्यास ते अस्तरापूर्वीच काढावे. खाली जाड फोम ठेवून खाचा असलेल्या फेल्टिंगच्या सुईने रंगीत लोकर टोचत बसवावी. सुई सरळ आत घालून सरळच बाहेर काढावी, तिरपी झाली की ती मोडते.

खण आधी पाण्यातून काढून, वाळवून इस्त्री करावा. फेल्ट १८ बाय २० सेंटिमीटरचे कापावे; अस्तर कडा दुमडल्यावर चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर आत राहील एवढे घ्यावे आणि बारीक टाक्यांनी आतल्या बाजूस शिवावे. टाका फेल्टच्या निम्म्या जाडीतूनच घेतला तर तो बाहेर दिसत नाही. टिचबटणाचे दोन्ही भागही याच वेळी, दुमडल्यावर तोंडाच्या मध्यावर समोरासमोर येतील असे लावून घ्यावेत. मग १० बाय १८ होईल असे दुमडून खालची व बाजूची कड दुहेरी दोऱ्याने, अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर काजटाक्याने जोडावी. तोंडाच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त येतो, म्हणून तेथे तीन टाके एकाच जागी घालून गाठ अस्तर आणि फेल्ट यांच्या मध्ये लपवावी.