समुद्रावरच्या कमी दाबाच्या पट्ट्याचं वादळ होणार का, हे कसं ताडायचं

3 जून 2020 ला निसर्ग वादळात आमच्या ऐरोलीच्या गॅलरीवरचा पत्रा उडाला. तेव्हापासून मे उजाडला की मी अरबी समुद्राचा नकाशा उघडतेच.

आधी पाणी बघा. साधारण 26.5 अंशांच्या वर हवं, तेही 50 मीटर खोलवर. नुसता वरचा थर कोमट असेल तर वादळ तो घुसळून स्वतःच गार करतं. मग वाफ. भाताच्या पातेल्यावर हात धरा, वाफेचं पाणी होताना चटका बसतो ना? तीच उष्णता ढगात सुटते, हवा वर चढते, खाली दाब उतरतो, आणखी वाफ ओढली जाते. वरचे-खालचे वारे फार वेगळे असले तर ढगांचा मनोरा कलतो, खेळ खलास. पट्टा विषुववृत्ताला खेटून असेल तर सोडाच, तिथे भोवरा धरत नाही.

वारा ताशी 62 किलोमीटरला पोचला की नाव मिळतं. मी तेव्हा कुंड्या आत घेते.