सेसना 172 : प्रोपेलर फिरण्याआधीच्या या चुका टाळा

उड्डाणाआधी इंधनात पाणी आहे का बघायला सॅम्पल सगळेच काढतात, नीट बघणारे थोडे. सेसना 172 एस या छोट्या विमानाला इंधन निचरून बघायच्या 13 जागा आहेत : प्रत्येक पंखाखाली 5 आणि पोटाखाली 3. घाईत पंखाखालच्या एक-दोन उघडून काम उरकलं जातं. पाणी मात्र एव्हगॅसपेक्षा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलपेक्षा जड, ते सगळ्यांत खालच्या जागी जाऊन बसतं. पोटाखालच्या तिन्ही जागा म्हणूनच सोडू नका.

सॅम्पलच्या कपात पाणी आणि इंधन यांच्यामधली रेघ दिसली नाही म्हणजे पाणी नाही, हा समज त्याहून घातक. अख्खा कपच पाण्याने भरला असेल तर रेघ दिसणार कुठे? कप पांढऱ्या काऊलिंगसमोर (इंजिनाच्या झाकणासमोर) धरा. निळ्या आभाळासमोर साधं पाणीही निळसर भासतं. एव्हगॅस 100 एलएल फिकट निळं असतं आणि त्याला उग्र वास येतो. शंका आली तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. एव्हगॅस डाग न ठेवता उडून जातं, जेट फ्युएलचा तेलकट डाग मागे राहतो, पाण्याने कागद नुसता ओला राहतो. पाणी निघालं तर स्वच्छ निळं येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढा, मग पंख हलवून थोडं थांबा आणि परत काढा.

आपल्या वडोदऱ्याच्या दमट पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर ठेवली, की आतल्या हवेतली वाफ पहाटे थेंब होऊन खाली उतरते. वजनाचा हिशेब बसत असेल तर टाक्या संध्याकाळीच भरून ठेवा. 2022पासून हे इंधन इथल्या कोयली रिफायनरीतच तयार होतं, पण रिफायनरी जवळ आहे म्हणून पाणी लांब राहत नाही! भरताना आधी अर्थिंगची वायर, मग टाकीचं झाकण. हा क्रम उलटा करू नका.

ऑइल 5 क्वार्टच्या (क्वार्ट म्हणजे लिटरहून जरा कमी) खाली असेल तर इंजिन सुरू करायचं नाही. काहीजण दर वेळी 8 क्वार्टच्या खुणेपर्यंत भरतात. छोट्या फेरीला त्याची गरज नसते, वरचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडून विमानाचं पोट काळं करतं. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर डिपस्टिक कमी दाखवते, ऑइल खाली उतरू द्या.

पिटोचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर एखादा दिवस जरी विसरलं तरी कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. भोकात तोंडाने फुंकू नका, तार घालू नका, मेकॅनिकला सांगा.

आता स्टार्ट. गार इंजिनला थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा नॉब) पाव इंच पुढे, ऑक्झिलरी म्हणजे जोडीचा इंधन पंप चालू, मिक्श्चर (इंधनाचं प्रमाण कमी-जास्त करणारा नॉब) पुढे करून फ्युएल फ्लो स्थिर होईपर्यंत 3 ते 5 सेकंद, मग मिक्श्चर मागे आणि पंप बंद. किल्ली फिरवा, इंजिनाने पकडलं की मिक्श्चर सावकाश पुढे. एवढं सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो मे महिन्यात, दुपारी बाराला विमान उतरवून अर्ध्या तासाने परत सुरू करताना. तापलेल्या इंजिनालाही हेच प्राइमिंग, म्हणजे सुरू करण्याआधीचं जादा इंधन, दिलं जातं, सिलिंडर पेट्रोलने भिजतात आणि इंजिन नुसतं घरघरतं. गरम इंजिनाला प्राइमिंग देऊच नका.

दिलंच असेल, काऊलिंगखालून निळे थेंब पडताना दिसत असतील, तर पंप बंद, मिक्श्चर पूर्ण मागे, थ्रॉटल अर्ध्याहून पुढे ठेवून स्टार्टर मारा. पकडलं की मिक्श्चर पुढे आणि थ्रॉटल लगेच मागे. हात जरा रेंगाळला तर इंजिन भरधाव सुटतं.

स्टार्टर एका वेळी 10 सेकंद, मग 20 सेकंद विश्रांती. असं तीनदा झालं की 10 मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर स्टार्टरची वायंडिंग जळते. दरम्यान प्रोपेलर हाताने फिरवून बघायचा मोह आवरा. मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) अर्थ वायर तुटली असेल तर किल्ली काढलेली असूनही इंजिन झटका देतं.

इंजिन लागल्यावर 30 सेकंदांत ऑइल प्रेशरचा काटा हलला नाही तर लगेच बंद करा. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून लांब जायचं असेल तर मिक्श्चर थोडं मागे ओढून ठेवा, प्लगवर इंधनातल्या शिशाची पुटं चढत नाहीत. 1800 आरपीएमला दोन्ही मॅग्नेटो एकेक करून तपासताना आरपीएमचा उतार 150पेक्षा जास्त किंवा दोन्हींच्या उतारातला फरक 50पेक्षा जास्त आला, तर मिक्श्चर मागे घेऊन मिनिटभर चालवा आणि पुन्हा तपासा. तरीही उतार तसाच राहिला तर विमान हँगरकडे वळवा.