साइड हँडल: शॉपमध्ये नव्याने आलेल्या फिटरसाठी

आयटीआयच्या दोन वर्षांत फिटरच्या हाताखालून फाइलिंग, मार्किंग, ड्रिलिंग, टॅपिंग सगळं जातं. साइड हँडलवर, म्हणजे ग्राइंडर किंवा ड्रिल दुसऱ्या हाताने धरायला बाजूला लावायच्या मुठीवर, मात्र कुणी दहा मिनिटंही खर्च करत नाही. मग भोसरी-चाकणच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून उभे राहिलात, की हातात येणाऱ्या ग्राइंडरला बऱ्याचदा हँडलच नसतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अडतं रे ते, काढून ठेवलंय." इतकी वर्षं शॉपमध्ये काढल्यावर माझं मत सरळ आहे: बहुतेक वेळा हँडल काढायचं नसतं, त्याची जागा बदलायची असते.

ग्राइंडरच्या गिअर हेडला (डिस्कलगतचं, आत गिअर असलेलं डोकं) दोन्ही बाजूंना आट्यांची भोकं असतात, मोठ्या मशीनला बहुधा वरही एक. कोपऱ्यातला वेल्ड घासताना हँडल पत्र्याला अडलं, तर दुसऱ्या भोकात लावा. तरीही मशीन आत शिरत नसेल तर ते काम त्या मशीनचं नव्हे. डाय ग्राइंडर (निमुळत्या तोंडाचा छोटा ग्राइंडर) घ्या, नाहीतर कानस. चार इंची ग्राइंडरची डिस्क मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेते. कटिंग व्हील कापात अडकलं तर येणारा झटका एका मनगटाच्या भरवशावर सोडू नये.

हँडलला हात लावण्याआधी प्लग बोर्डातून काढा आणि नजरेसमोर ठेवा. कॉर्डलेस असेल तर बॅटरी बाहेर. नुसतं बटण बंद केलं हे पुरत नाही, कारण लहान ग्राइंडरचं सरकतं बटण पुढे ढकललं की तिथेच अडकून राहतं. काम चालू असताना लाइट गेली, बटण तसंच राहिलं, तुम्ही तेवढ्यात हँडल बदललंत आणि लाइट आली, तर साधं मशीन आपोआप सुरू होतं. म्हणून काम संपवून प्लग परत लावतानाही आधी बटण बघायचं. आणि डिस्क पूर्ण थांबू द्या. गिअर हेड तापलेलं असतं, तेवढा दम धरला की तेही जरा निवतं.

आता बसवणं. खरी गडबड इथेच होते. गिअर हेडचं कास्टिंग, म्हणजे ओतीव कवच, बहुधा ॲल्युमिनियमचं आणि हँडलचा बोल्ट लोखंडी. दोघांची झटापट झाली की आटे जातात ते कास्टिंगचे. भोकात लोखंडाची भुकटी बसलेली असते, ती आधी ब्रशने झाडा. मग बोल्ट भोकावर सरळ टेकवून पहिल्यांदा उलटा फिरवा. एका जागी तो किंचित खाली बसल्याचं बोटांना कळतं, "टक्" असं. तिथून सुलटा फिरवायला लागा. पहिले काही आटे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. जड लागलं तर जोर करू नका, बाहेर काढून पुन्हा लावा. शेवटी हँडलचा खांदा (बोल्ट जिथे मुठीला मिळतो तिथली रुंद कड) कास्टिंगला सगळीकडून टेकला पाहिजे आणि हाताने आवळलेलं पुरेसं असतं. पाना लावणारे बहाद्दर असतात, त्यांचेच आटे आधी जातात.

एक जुगाड सर्रास दिसतो: हरवलेल्या हँडलऐवजी दुसऱ्या मशीनचं, नाहीतर लांब बोल्टला पाइप वेल्ड करून केलेलं. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो आणि घट्ट झाल्यासारखा वाटतो. खांदा मात्र अधांतरी असतो. आटे खरंच गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून ढकलू नका. हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे) टाकून दुरुस्ती होते, मशीन दुरुस्तीला पाठवा. हँडलची बाजू बदललीत की पकड बदलते, म्हणून गार्डही (डिस्कवरचं संरक्षक झाकण) फिरवून घ्या. त्याची बंद बाजू तुमच्याकडे हवी.

ड्रिलचं प्रकरण वेगळं. तिथे हँडल कॉलरवर, म्हणजे बिट धरणाऱ्या चकच्या मागच्या गोल गळ्यावर, पट्ट्याने आवळलेलं असतं. मूठ उलटी फिरवली की पट्टा सैल होतो, हव्या कोनात आणून सुलटी आवळायची. कॉलरवर खाचा असतील तर पट्ट्याचे दात त्यांत बसलेत ना ते बघा, नाहीतर हँडल ऐन वेळी घसरतं. भोक किती खोल जावं ते ठरवणारी दांडी त्याच पट्ट्यात धरलेली असेल, तर तीही सैल होऊन निसटते. बिट काँक्रीटमधल्या सळईला अडकला की मशीन तुमच्या बाजूने पाहता घड्याळाच्या उलट्या दिशेने वळतं, म्हणजे डाव्या हातातली मूठ खाली ओढली जाते. हात त्या तयारीत ठेवा. आवळल्यावर, प्लग लावण्याआधी, मूठ धरून मशीनला एकदा जोरात पिळून बघा. जरा जरी हललं तर पुन्हा आवळा.

रबरी सांध्याच्या मुठीला चीर दिसली तर मूठ बदलायची, इन्सुलेशन टेप मारून भागत नाही.

स्टोअरमधून मशीन घेताना रजिस्टरमध्ये "ग्राइंडर, हँडल व गार्डसह" असं लिहून सही करा, आणि परत देतानाही तसंच लिहून घ्या. हँडल नसेल तर "हँडल नाही" असं लिहा आणि सुपरवायझरला दाखवा. स्टोअरवाला कुरकुर करेल, पण नवं हँडल मागवायला त्याला तीच नोंद लागते.