घरभेटीला कसं जायचं: माझ्या जागी येणाऱ्या पाळकांसाठी

पुढच्या महिन्यात माझी बदली होतेय. अकरा वर्षं या ख्रिस्ती मंडळीत काढली. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यातली नऊ गावं, बेचाळीस घरं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, लग्नाचं रजिस्टर, दानार्पणाचा हिशेब, मंदिराच्या चाव्या हे सगळं मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे कारभारी पंचांच्या, समक्ष तुमच्या हाती देईन. घरभेट मात्र अशी हाती देता येत नाही, म्हणून लिहून ठेवतोय. दुसऱ्या एखाद्या लहान मंडळीत नव्यानं जाणाऱ्यालाही यातलं काही उपयोगी पडेल.

आधी माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच शिकलोय. बेळगावजवळच्या मच्छेच्या एका फौंड्रीत कामाला जाणारे एक गृहस्थ मंदिराच्या पत्र्यांच्या पैशावरून झालेल्या वादात रुसले आणि उपासनेला यायचे बंद झाले. मी म्हटलं, राग निवळला की येतील. महिने गेले. एकदा खानापूरच्या बसमध्ये कंडक्टरच मला म्हणाला, "साहेब, तुमच्यातला तो माणूस गेला की काल रात्री." तसाच उतरलो आणि उलट्या बसनं त्यांच्या घरी गेलो. दारात त्यांची बायको होती. "आता आलासा? या," एवढंच ती म्हणाली. चौदा महिने मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. ते "या" अजून माझ्या कानात आहे.

तेव्हापासून ठरवलं, महिन्याची पहिली भेट त्या घरी, जे रविवारी दिसत नाही. का येत नाही हे विचारायचं नाही. पत्र्यांचा, वर्गणीचा, निवडणुकीचा विषय काढायचा नाही. जायचं, बसायचं, म्हशीची, पोराच्या परीक्षेची चौकशी करायची आणि उठायचं. तिसऱ्या-चौथ्या भेटीला ते स्वतःच बोलतात. काही घरं बोलत नाहीत. तिथंही जायचं.

वेळ कशी धरायची

शहरातली वेळ गावात चालत नाही. जून-जुलैत खानापूरकडं पाऊस धो-धो असतो आणि सगळी माणसं रोप लावणीला गुडघाभर चिखलात असतात. त्या दिवसांत दुपारी घरी गेलात तर म्हातारी आणि लहान पोरं एवढीच भेटतील. मी बांधावर जातो. पॅन्ट वर दुमडून पाच मिनिटं उभं राहायचं, प्रार्थना तिथंच करायची. सुगीत, मळणी चालू असताना, बसून राहायचं नाही, कामात हात लावता आला तर लावायचा. उद्यमबाग-मच्छेकडं कामाला जाणाऱ्यांची शिफ्ट आधी विचारून घ्या. रात्रपाळी करून सकाळी झोपलेल्या माणसाला पाळकानं उठवणं हे सेवेत बसत नाही. पोरगा गोव्यात कामाला असेल, आणि खानापूरकडच्या निम्म्या घरांत आहे, तर तो चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटानं शनिवारी रात्री येतो. त्याला भेटायचं तर रविवारी उपासना झाल्यावर. नंतर तो पुन्हा घाट उतरतो.

भेट वीस मिनिटांची असावी. पहिल्या वर्षी मी तास-तास बसायचो आणि आपण फार जवळचे झालो असं वाटून घ्यायचो. आत सुनेची भाकरी अडलेली असायची, हे पाळकीणबाईंनी मला सांगितलं तेव्हा कळलं.

बाई घरात एकटी असेल तर आत जाऊ नका. सोप्यावर किंवा बाहेरच्या कट्ट्यावर बसा, दार उघडं राहू द्या, शेजारणीला हाक मारा. शक्य तेव्हा पाळकीणबाईंना बरोबर घ्या. त्यांच्याजवळ बायका जे बोलतात ते तुमच्याजवळ कधीच बोलणार नाहीत, आणि ते तुम्हाला कळायलाच पाहिजे असंही नाही.

काय खायचं, काय घ्यायचं

"वाईच च्या घ्या साहेब" याला नाही म्हणू नका. गरिबाच्या घरी नाही म्हटलं तर त्यांना वाटतं, आमच्याकडचं चालत नाही. या माणसांच्या आज्या-पणज्यांनी हे कुणाकुणाकडून ऐकलंय ते ध्यानात ठेवा. अर्धा कप मागा, पण घ्या. ताटलीत चिरमुरे आणि शेंगा येतील, मूठभर खा. जेवायला बसवलं तर तांदळाची भाकरी आणि खरडा असेल त्यावर समाधानी राहा, आणि त्या दिवशी दुसऱ्या घरी जेवणाचं कबूल करू नका.

पैसे घरात घेऊ नका. कुणी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, हातात द्यायला लागला तर रविवारी थैलीत टाका म्हणून सांगा. म्हातारी चालू शकत नसेल तर वडिलांपैकी एकाला बरोबर नेऊन पावती फाडा. एकदा हातात घेतलेले शंभर रुपये वर्षभर चर्चेत राहतात.

भाषा

या मंडळीत भाषेचं काम तुम्हाला सगळ्यात जड जाईल. इथल्या घराघरांत दोन भाषा नांदतात. सासू येळ्ळूरची, तोंडात मराठी. सून बैलहोंगलची, कन्नड. नातू शाळेत कन्नड शिकतो, खेळताना मराठी बोलतो. प्रार्थना कुठल्या भाषेत करायची? मी आजारी माणसाच्या भाषेत करतो. कुणी आजारी नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या भाषेत, आणि शेवटी येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना दुसऱ्या भाषेत. कन्नडमधली प्रभूची प्रार्थना मी पहिल्या तीन महिन्यांत पाठ केली. उच्चार चुकायचे. सुना हसायच्या आणि दुरुस्त करायच्या, त्यातून ओळख झाली. दारात "ऊट आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारता आलं तरी सुरुवातीला पुरे.

मराठी-कन्नड वाद घरात नेऊ नका आणि घरातला बाहेर आणू नका. १ नोव्हेंबरला काही घरं कर्नाटकचा राज्योत्सव करतात, काही बेळगाव तिकडं गेलं म्हणून काळा दिवस पाळतात, आणि पुढच्या रविवारी दोघंही एकाच बाकावर बसतात. त्या दिवशी मी घरभेट ठेवत नाही. कुणी मत विचारलं तर मी एवढंच सांगतो की आपल्या मंडळीची मुळं दोन्हीकडं आहेत. बेळगावात लंडन मिशन या इंग्रज मिशनरी संस्थेचं काम १८२० साली जोसेफ टेलर यांनी सुरू केलं, ते बळ्ळारीहून आले होते. म्हणजे काम आलं ते कन्नड मुलखातून. आणि आपण टाळ-पेटीवर जी भजनं म्हणतो, त्यांतली कितीतरी नगरकडच्या नारायण वामन टिळकांची, १९१९ साली वारलेल्या माणसाची. बैलहोंगलची ती सूनही ती मराठीतच म्हणते.

भेटीतलं निम्मं काम भाषेमुळंच निघतं. म्हातारी तुम्हाला बघून कपाटातून कागद काढेल, "हे काय लिवलंय बघा की." पंचायतीची नोटीस असेल, जमिनीचा उतारा असेल, नाडकचेरीचा, म्हणजे महसूल कचेरीचा, दाखला असेल, आणि सगळं कन्नडमध्ये. तिला मराठी वाचता येतं, हे वाचता येत नाही. तुम्हालाही येत नसेल तर शिका, तोवर फोटो काढून जाणत्याला विचारा आणि दुसऱ्या दिवशी परत जाऊन सांगा. न कळता "काही नाही, साधं आहे" असं सांगू नका. उताऱ्यातल्या एका नावावर घरं फुटतात.

प्रार्थना

करण्याआधी विचारा: कशासाठी करू? उत्तर बहुतेक वेळा तुम्ही धरून चाललेलं नसतं. मला वाटायचं गुडघ्यासाठी, आजी म्हणायची, "गोव्यातल्या पोराचा फोन यायला पाहिजे." घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्या, गैरहजर असलेल्याचंही. तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. प्रार्थनेतून उपदेश करू नका. दारू पिणाऱ्या नवऱ्याचं नाव त्याच्या समोर घेऊन "याला सुबुद्धी दे" म्हणणं म्हणजे देवाशी बोलण्याचा आव आणून त्याला चारचौघांत फटकारणं. हे मी केलंय. तो माणूस पुढं वर्षभर मला बघून गल्ली बदलत होता.

बरं होण्याचं वचन देऊ नका. मागा जरूर, मनापासून मागा, पण देवाच्या वतीनं तारीख देऊ नका. आणि गोळ्या बंद करू देऊ नका. टीबीची गोळी सहा महिने घ्यावी लागते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला की माणूस म्हणतो, प्रभूनं बरं केलं, आता गोळी कशाला? तिथं पाळकानं ठामपणे सांगितलं पाहिजे की प्रभूनंच गोळी दिलीय, संपेपर्यंत घ्या. डॉक्टरांपेक्षा तुमचं ऐकतील.

शेजारचे येऊन बसतात. आपली नसलेली माणसंही प्रार्थना करा म्हणतात, जरूर करा. पण न मागता हातात पत्रक देऊ नका, त्यांच्या देवाबद्दल अक्षर काढू नका. एका घरात आई देव्हाऱ्याची आणि मुलगा आपल्या मंडळीतला आहे. मी तिथं गेलो की आधी आईला नमस्कार करतो, तिच्याशी बोलतो. घर तिचं आहे.

दवाखाना

माणूस बेळगावला सिव्हिलमध्ये किंवा मोठ्या खाजगी दवाखान्यात असेल तर निघायच्या आधी घरी फोन करून विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर नेलंय का. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल घराला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि कार्ड गावात, माणूस खाटेवर, अशी गत नेहमी होते. मी दोनदा कार्ड घेऊन गेलोय, बायबल घरी विसरून. खाटेजवळ खुर्ची ओढून बसा, उभं राहून बोलू नका. बरोबर राहिलेल्या माणसानं जेवलंय का ते विचारा आणि त्याला अर्ध्या तासासाठी बाहेर पाठवा.

मयत

निरोप आला की हातातलं टाकून जा. प्रवचन नंतर सुचेल. पोचल्यावर तीन गोष्टी बघा: मुलं कुठून यायची आहेत आणि कधी पोचतील, पेटी कोण करतंय, खड्डा कोण काढतंय. खानापूरकडं जांभा दगड लागतो, पहारीशिवाय चालत नाही, चार गड्यांना तीन-चार तास लागतात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, बादल्या आणि ताडपत्री आधी पाठवा. घरच्यांच्या डोळ्यांसमोर पाण्यात पेटी उतरवायची वेळ येऊ देऊ नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती घरचे विसरतात. तुम्ही आठवण करा.

आणि आठव्या-नवव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा जा. तोवर पाहुणे गेलेले असतात, भांडी परत दिलेली असतात. त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदा एकटी दिवा लावते. काही बोलायची गरज नसते. तेविसावं स्तोत्र वाचायचं आणि बसून राहायचं.

लग्न

थोडक्यात. घरभेटीत लग्नाचा विषय निघाला की लगेच दोघांची वयं कागदावर बघा, मुलगी १८, मुलगा २१. पाळकाकडं परवाना लागतो, नोटीस आधी द्यावी लागते, आणि १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांमध्येच लावायचं. वरात उशिरा आली म्हणून साडेसातला लावा म्हणतील, लावू नका.

वही

एक दोनशे पानी वही केलीय, घरागणिक दोन पानं. त्यात नावं, भाषा, बसथांबा, वाढदिवस, कोण कधी वारलं, कशासाठी प्रार्थना मागितली आणि पुढं काय झालं एवढंच आहे. कोण पितो, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणी मला रडून काय सांगितलं, हे त्यात नाही. वही बसमध्ये विसरू शकते.

बसवरून आठवलं. ११ जून २०२३पासून बायकांना कर्नाटकच्या साध्या बसला तिकीट नाही, तेव्हापासून लांबच्या गावांतल्या बहिणी दर रविवारी येऊ लागल्या. पण शिनोळीची आपली एक बहीण हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात राहते. तिचं आधार तिकडचं, तिला पूर्ण तिकीट पडतं. उपासनेनंतर सगळ्या जणी एकत्र बसथांब्यावर जातात आणि तिकीट तिला एकटीलाच काढावं लागतं. ती कधी बोलली नाही, मी एकदा बरोबर होतो म्हणून दिसलं. तिच्या घरी महिन्यातून एकदा तुम्हीच जा, म्हणजे तिची एक फेरी वाचेल.

वही मंदिराच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. पहिल्या पानावर फौंड्रीतल्या त्या गृहस्थांचं घर आहे. बसथांब्यावरून उतरून विहिरीच्या बाजूनं गेलात की निळं दार. दुपारी चारनंतर त्यांच्या पत्नी घरी असतात. कुत्रं बांधलेलं नसतं, फाटकाबाहेरूनच हाक मारा आणि त्या बाहेर येईपर्यंत थांबा.