हरभऱ्याला कळ्या धरल्या, पक्षीथांबे लावले का?

आभाळ भरून आलंय आणि हरभरा कळीवर आहे, घाटे म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीला याहून चांगलं काय पाहिजे. बाकीची कामं राहू द्या, आधी पक्षीथांबे, म्हणजे अळी टिपणाऱ्या पाखरांना बसायला काठ्या, लावा. एकरी 20, टी आकाराचे, पिकाच्या वर फूटभर तरी काठी दिसली पाहिजे.

दरवर्षी तेच बघतोय, थांबे लावतात पण कधी, तर अळीनं घाट्यात डोकं घातल्यावर. मग पाखरू तरी काय करणार? बारीक अळी पानाचा हिरवा भाग खरवडते, पानावर पांढरट डाग दिसतात, तेव्हाच पक्षी शेतात पाहिजेत. आणि काठी रोवली की लगेच येतात असंही नाही, माझ्या अंदाजाने चार-आठ दिवस जातातच त्यांना जागा सवयीची व्हायला.

सकाळी नीट उजाडायच्या आत जाऊन बांधावर गप बसून बघा एकदा. कोतवाल सगळ्यात आधी येतो, काठीवरून खाली झेप, परत त्याच काठीवर. साळुंक्या आणि गायबगळे ओळीतून चालत टिपतात. नीलपंख थांब्यावरून जमिनीवरचे नाकतोडे, भुंगे उचलतो. वेडा राघू दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो उडता किडा धरतो, अळीसाठी भरवसा कोतवाल-साळुंकीचाच. रात्री त्याच काठीवर पिंगळा बसला तर उंदरांचंही बघतो.

बाकी नेहमीचं:
- कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) एकरी 2
- 50 टक्के फुलोऱ्यात 5 टक्के निंबोळी अर्क
- बांधावरचं गवत जाळू नका, चंडोल आणि गप्पीदास तिथंच असतात

दुकानदार लगेच भारी औषध आणि वर टॉनिकची बाटली हातात देतो, घेऊ नका. आधी ओळीत बसून मोजा. मीटरभर ओळीत 1-2 अळ्या किंवा सापळ्यात सलग 2-3 दिवस 8-10 पतंग, तेव्हाच इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी, 10 लिटरला 4.4 ग्रॅम. उगाच आधीच फवारलं की किडे जातात आणि त्यांच्या मागं आलेली पाखरंही जातात, मग पुढची अळी खायला शेतात कोणीच नसतं, हे मी कितीतरी शेतांत बघितलंय.

शेजारी ज्वारी असेल तर तिच्यातले थांबे मात्र दाणा भरायच्या आत काढा, नाहीतर दाणे खाणारी पाखरं त्यावरच येऊन बसतील.