हर-टूचा रिपोर्ट वाचताना, आणि त्याआधी गाठ पाठवताना

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीच्या आयएचसी (पेशींतली प्रथिनं रंगवून पाहण्याची चाचणी) रिपोर्टवर तीन नावं असतात: ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर), हर-टू (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन). तिन्ही रिसेप्टरच, म्हणजे संदेश पकडणारी प्रथिनं, पण पेशीतल्या जागा वेगळ्या. ईआर-पीआर केंद्रकात असतात, म्हणून स्लाइडवर तपकिरी रंग केंद्रकात उतरतो. हर-टू पेशीच्या आवरणात असतो. त्याचं पेशीभोवती कडं दिसतं. औषधंही त्याच हिशेबाने. टॅमॉक्सिफेनचा रेणू छोटा, तो आत शिरून ईआरला चिकटतो. ट्रास्टुझुमॅब हे मोठं प्रतिपिंड, ते बाहेरूनच हर-टूला धरतं. बाहेर हर-टू जास्त नसेल, तर ते धरणार कशाला?

ईआर 1 टक्का पेशींत दिसला तरी पॉझिटिव्ह. हर-टूला 0 ते 3+ गुण. 3+ म्हणजे 10 टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड कडं. खरा घोळ 2+ ला होतो. ते हो नाही आणि नाहीही नाही. फिश चाचणी करायलाच हवी. फिशमध्ये हर-टू जनुकाच्या प्रती मोजतात. 17 व्या गुणसूत्राच्या प्रतींशी त्यांचं प्रमाण 2 किंवा जास्त आणि पेशीमागे प्रती सरासरी किमान 4 असतील, तर पॉझिटिव्ह. पैसे वाचवायला फिश टाळू नका. वर्षभराचे उपचार त्यावर ठरतात.

आता नमुना. ऑपरेशन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो की राजारामपुरीतल्या छोट्या नर्सिंग होममध्ये, नियम एकच: काढलेली गाठ तासाभरात 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणारं द्रावण), तेही नमुन्याच्या किमान दहापट. त्यात 6 ते 72 तास. सलाइनमध्ये राहिला तर प्रथिनं खराब होतात आणि असलेला रिसेप्टरही निगेटिव्ह येऊ शकतो. मोठी गाठ अख्खी बुडवून भागत नाही, फॉर्मालिन आत फार हळू मुरतं. तिला काप द्यावे लागतात. बाटलीत कधी टाकली ती वेळ फॉर्मवर लिहून घ्या. हे नातेवाइकांनी विचारलं तरी चालतं, विचाराच.

दुसऱ्या मतासाठी पुण्या-मुंबईला जाताना रिपोर्टसोबत पॅराफिन ब्लॉकही (गाठीचे तुकडे बसवलेले ठोकळे) मागून घ्या. मेणाचे असतात, एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका.

ट्रास्टुझुमॅब दर 21 दिवसांनी: पहिला डोस किलोला 8 मिलिग्रॅम, पुढे 6. म्हणजे 60 किलोच्या बाईला आधी 480, मग 360. प्रत्येक वेळी वजन करून घ्या. सुरू करण्याआधी टूडी इको, मग दर तीन महिन्यांनी, कारण हृदयाच्या स्नायूंनाही हर-टू लागतो. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) बरंच उतरलं तर डॉक्टर डोस थांबवतात आणि चार आठवड्यांनी इको पुन्हा करतात.